‘सात लागले’ म्हणजे नक्की काय झालं? टेबलावरच्या मारामारीचे परिणाम कसे लावायचे

मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या रोलप्लेइंग गेममध्ये (प्रत्येक जण एकेक कॅरेक्टर घेतो, एक जण जीएम म्हणजे गेम मास्टर होऊन बाकीचं जग चालवतो, आणि काय जमलं ते डाइस टाकून, म्हणजे रोल करून, ठरतं) एक मारामारी झाली. अकरा गॉब्लिन, एक पडका पूल आणि जवळजवळ दोन तास, म्हणजे मधे एकदा चहा, एकदा कांदाभजी आणि एकदा नियमावरून झालेला वाद धरून. पॅलाडिन (ढाल-तलवारवाला योद्धा) ४४ एचपीवरून, म्हणजे हिट पॉइंटवरून, ३ वर आला, विझार्डचे सगळे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, संपले, रोग (Rogue, चोर-भुरटा) दोनदा पडला आणि दोनदा उठला. सगळे खूष. मग पार्टीनं, म्हणजे आमच्या कॅरेक्टरांच्या टोळीनं, झाडाखाली लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली, आठ तास झाले, सगळ्यांचे एचपी फुल्ल, आणि पॅलाडिन खेळणारा मित्र खोडरबरनं शीटवरचा ३ पुसता पुसता म्हणाला, "मग त्या मारामारीनं झालं काय रे?" मी म्हटलं, गॉब्लिन मेले ना. तर म्हणतो, "ते आहेत हे तरी काल सकाळी कुठे माहीत होतं आपल्याला."

गप्प बसलो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं पण गोष्ट जागची हलली नव्हती. तेव्हापासून वेगवेगळे गेम हे कसं करतात ते जरा नीट वाचून, खेळून बघतोय, आणि जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. जीएम करणाऱ्यांसाठी मुख्यतः, पण प्लेयर लोकांनी वाचलं तरी चालेल कारण निम्मं काम त्यांचंच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की डाइस फक्त आकडा देतो, त्याचा अर्थ टेबलावर बसलेल्यांनी लावायचा असतो. आणि अर्थ लागला का हे ओळखायची माझी खूण सोपी आहे: भांडणाआधी जे करता येत होतं त्यातलं आता काय करता येत नाही, किंवा आधी येत नव्हतं ते आता काय करता येतं, हे टेबलावरचा कोणीही एका वाक्यात सांगू शकतो का? नसेल सांगता येत तर आपण दोन तास वजाबाकी केली. (वजाबाकीतही मजा असते, नाही म्हणत नाही मी.)

आधी एचपीचं बघू

कारण बहुतेकांची सुरुवात डन्जन्स अँड ड्रॅगन्सनं (डी अँड डी) झालेली असते. हा गेम १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, आणि तो आला वॉरगेमवाल्यांकडून, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींकडून. तिथे सैनिकाला फटका लागला की उचलायचा आणि डब्यात टाकायचा. आर्नेसनच्या टेबलावर लोक एकेकच कॅरेक्टर घेऊन खेळायला लागले तेव्हा आपला माणूस एका फटक्यात मेलेला त्यांना आवडेना, म्हणून त्यानं आधी केलेल्या एका गेममधले हिट पॉइंट उचलून माणसांना लावले, आणि तो गेम होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांचा. हे आर्नेसननंच सांगितलेलं आहे. म्हणजे हे मुळात बोटीचं माप आहे! बोटीला गोळा लागला तर तिला कुठे दुखतंय हे कोणी विचारत नाही, अजून किती वेळ तरंगेल तेवढं बघतात. एचपी तसाच वाचायचा, हा माणूस अजून किती वेळ उभा राहील.

पाचव्या एडिशनचं २०१४ चं हँडबुकही जवळपास हेच म्हणतं, की एचपी म्हणजे शरीर, मनाची ताकद, जगायची इच्छा आणि नशीब यांची खिचडी. आणि त्यात एक छोटी चौकट आहे जी आम्ही तीन वर्षं वाचलीच नव्हती: निम्म्याच्या वर एचपी असेल तर सहसा अंगावर काही दिसत नाही, निम्म्याच्या खाली गेलं की खरचटलेलं, मुका मार वगैरे दिसायला लागतं, आणि जो फटका शून्यावर आणतो तोच खरा अंगात बसतो.

हे एकदा डोक्यात बसलं की सांगणं सोपं होतं. समजा ‘सात लागले’, म्हणजे सात एचपी गेले. ४४ एचपीवाल्या पॅलाडिनला सात लागले तर, "ढाल वेळेवर वर आली पण कुऱ्हाड असली बसली की खांद्यापर्यंत झिणझिण्या, आणि तू पाऊलभर मागे, आता टाचेखाली पुलाची कड." रक्त नाही, जखम नाही, तरी काहीतरी गेलं. तेच सात, फक्त आठच एचपी असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डला लागले तर, "बरगडीला घासून गेली, श्वास घेताना आतून सुईसारखं टोचतंय, पुस्तक हातातून सुटलं." आकडा तोच आहे, पण सांगताना किती लागले यापेक्षा किती उरले ते बघून सांगायचं.

माझी चूक सांगतो म्हणजे लक्षात राहील. रोग शून्यावर पडला तेव्हा मला फार सुचत होतं त्या दिवशी, मी म्हटलं दगड पायावर पडला, मांडीचं हाड मोडून बाहेर आलं, टेबलावर सगळे आईगं वगैरे. पुढच्याच टर्नला क्लेरिक (बरं करणारी पुजारीण) साठ फुटांवरून हीलिंग वर्ड हा मंत्र म्हणाली, सहा एचपी परत, आणि रोग उठला आणि धावत पूल ओलांडून गेला. मोडक्या हाडासकट. सगळे हसले आणि त्यानंतर त्या सेशनमध्ये मी कितीही भयंकर वर्णन केलं तरी कोणाच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. तर, नियमांना पेलणार नाही अशी जखम तोंडानं सांगायची नाही, आणि सांगितलीच तर मग पुढे तीन सेशन ती जखम सांभाळायची तयारी ठेवायची. शून्यावर पडलेल्याला मी आता "कोसळलास, डोळ्यांपुढे अंधार, बाजूनं रक्त पसरतंय" एवढंच देतो आणि नेमकं कुठे लागलं ते अर्धवट ठेवतो, कारण ते अजून ठरलेलंच नाहीये, डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे रोल) बाकी आहेत.

डेथ सेव्हही नुसते मोजू नका. २० बाजूंचा डाइस, १० किंवा वर म्हणजे पास, तीन पास झाले की माणूस स्थिर, तीन फेल झाले की गेला, १ पडला तर दोन फेल धरायचे आणि २० पडला तर १ एचपी घेऊन उठून बसायचं. इथे प्रत्येक फेलला मी त्या प्लेयरला एकच प्रश्न विचारतो, "आत्ता तुला काय ऐकू येतंय?" एकदा एकीनं सांगितलं की आई घरात भांडी घासतेय. पुढचे दहा मिनिट कोणी फोन बघितला नाही.

आणि एक नियम लोक विसरतात. जवळून केलेल्या वारानं समोरचा शून्यावर आला तर मारायचं की बेशुद्ध करायचं हे मारणाऱ्यानं त्याच क्षणी ठरवायचं असतं. म्हणजे प्रत्येक शेवटचा वार हा प्रश्न आहे. "तो पडतोय, मारतोस की ठेवतोस?" हे मोठ्यानं विचारायची सवय लावली आणि आमच्या गेममध्ये अचानक कैदी यायला लागले, त्या कैद्यांना खायला काय घालायचं, बांधून कुठवर न्यायचं यावरून पार्टीत भांडणं, म्हणजे जे पाहिजे होतं तेच.

पणाला काय लावलंय ते आधी बोला

जो परिणाम रोल झाल्यावर शोधायला बसता तो फिका निघतो, याचं कारण बहुतेक वेळा आधी काही ठरलेलंच नसतं. डाइसच्या इतिहासातला आपल्याकडचा सगळ्यात मोठा राडा आठवा, द्यूतसभेतला. तिथे फासे कसे पडले यावर द्रौपदीचा प्रश्नच नव्हता, तिचा प्रश्न होता की धर्मराजानं आधी स्वतःला हरवलं होतं की मला, आणि आधी स्वतःच हरला असेल तर मला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का. भरसभेत भीष्मांनाही त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. जीएम म्हणून तुम्ही भीष्माच्या खुर्चीत बसलेले असता आणि तिथे बसून ‘विषय सूक्ष्म आहे’ म्हणण्यापेक्षा फासे टाकायच्या आधी बोलून घेतलेलं बरं.

बर्निंग व्हील नावाचा गेम यात एकदम कडक आहे. प्लेयरनं दोन गोष्टी सांगायच्या, मला काय हवंय आणि ते मी कसं करतोय. मग जीएमनं रोलच्या आधी सांगायचं की जमलं नाही तर काय होईल. आणि एकदा पडलं की पडलं, परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत त्याच गोष्टीसाठी परत रोल नाही. मी बर्निंग व्हील फार खेळलो नाही (जाडजूड आहे हो), पण हे दोन प्रश्न चोरून डी अँड डीमध्ये आणले आणि तिथे झकास चालतात.

उदाहरण. घाटात दरोडेखोर गाडी अडवतात. पूर्वी मी सरळ इनिशिएटिव्ह (आधी कोणाची पाळी ते ठरवायचा रोल) म्हणायचो, म्हणजे थेट मारामारी. आता आधी स्वतःला विचारतो की यांना हवंय काय? त्यांना पेटी हवीये. मरायचं नाहीये त्यांना, मारायचंही नाहीये, पेटी घेऊन जंगलात पळायचंय. मग पार्टीला विचारतो तुम्हाला काय हवंय, तर एक म्हणतो पेटी वाचवायची, दुसरी म्हणते मला त्यांच्यातला एक जिवंत पाहिजे, यांना पाठवलं कोणी ते कळायला. झालं, आता चार-पाच निकाल शक्य आहेत आणि त्यातले बहुतेक ‘सगळे मेले’ यापेक्षा चांगले आहेत. पेटी गेली पण माणूस हाती लागला. पेटी राहिली पण गाडीवान पळाला आणि आता बैल हाकणार कोण.

समोरचे कधी पळतात हेही ठरवा. जुन्या डी अँड डीत यासाठी मोराल होतं, १९८१ च्या बेसिक सेटमध्ये प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला एक आकडा दिलेला, बाजूतला पहिला मेला की आणि निम्मे आडवे झाले की दोन डाइस टाकायचे, त्या आकड्याच्या वर गेलं की पळ काढला किंवा शस्त्र टाकली. दहा सेकंदांचं काम. माझ्या अकरा गॉब्लिनांनी सहा मेल्यावर मोराल तपासलं असतं तर दोन तासांचा तास झाला असता आणि चार-पाच गॉब्लिन कुठेतरी जाऊन कोणालातरी काहीतरी सांगत बसले असते.

अर्धवट जमलेल्याचं काय करायचं

अपोकॅलिप्स वर्ल्ड आला २०१० मध्ये, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा, आणि त्याच्यावरून मग ढीगभर गेम निघाले. दोन सहा बाजूंचे डाइस, त्यात तुमचा स्टॅट (कॅरेक्टरच्या कसबाचा छोटा आकडा) मिळवायचा. १० किंवा वर, जमलं. ७ ते ९, जमलं पण. ६ किंवा खाली, आता जीएमची पाळी. स्टॅट शून्य असेल तर गणित बघा: ३६ पैकी ६ वेळा पूर्ण जमतं, १५ वेळा ‘पण’ येतो आणि १५ वेळा फसतं. म्हणजे हा गेम ‘पण’वरच चालतो, तुम्हाला चांगले ‘पण’ सुचत नसतील तर संध्याकाळ जड जाते.

यात दोन चुका मी सारख्या बघतो, स्वतःच्या पण. पहिली, ‘पण’नं जिंकलेलं परत काढून घेणं. "तू भिंतीवर चढलास पण लगेच पाय घसरून खाली पडलास," अरे मग चढला कुठे तो? त्याला भिंतीवर जायचं होतं, तो भिंतीवर आहे, हे दगडावरची रेघ. आता भिंतीवर गेल्यामुळे काय नवीन झंझट आलं ते सांगा: दोर अर्ध्यात तुटला, तो वर आणि बाकीचे तिघं खाली. दुसरी चूक सहाच्या खालची, "काही झालं नाही, पुढचा." फसलं म्हणजे काहीच घडलं नाही असं होऊ द्यायचं नाही. कुलूप उघडलं नाही, ठीक, पण आतून कोणीतरी "कोण आहे?" विचारलं. आता बोला.

जॉन हार्परच्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये (२०१७) याच कल्पनेला छान खाचा पाडल्यात. रोलच्या आधीच जीएम सांगतो की परिस्थिती कितपत वाईट आहे, आटोक्यात, जोखमीची, की जिवावरची. म्हणजे फसलं तर किती महागात पडेल ते प्लेयरला माहीत असतं, आणि तरीही तो उडी मारतो, आणि मग पडल्यावर तुमच्यावर चिडत नाही (कमी चिडतो). परिणामांचे पाच प्रकार दिलेत: इजा, गुंतागुंत, संधी हातची जाणं, परिस्थिती अजून बिघडणं, आणि केलेल्याचा परिणाम कमी होणं. हे पाच मी एका कार्डावर लिहून जीएम स्क्रीनला आतून चिकटवलेत. कारण दमलेल्या जीएमला सुचतं ते फक्त पहिलं, इजा. कुठलाही गेम असो, लागोपाठ दोनदा इजा दिली की तिसऱ्यांदा कार्डावरचं दुसरं काहीतरी घ्यायचं असा माझा माझ्यापुरता नियम आहे.

त्यातली अजून एक गंमत म्हणजे प्लेयर "नाही, हे मी होऊ देत नाही" म्हणू शकतो. रेझिस्ट करायचं, डाइस टाकायचे, सहातून सगळ्यात मोठा डाइस वजा करून जेवढे उरतील तेवढा स्ट्रेस अंगावर घ्यायचा. स्ट्रेसचे चौकोन नऊ, भरले की कायमचा ट्रॉमा, चौथ्या ट्रॉमाला कॅरेक्टर धंद्यातून बाद. म्हणून मी ब्लेड्समध्ये परिणाम सांगताना हात आखडत नाही, नको असेल तर नाही म्हणायची सोय त्यांच्याकडे आहेच आणि नाही म्हणायलाही काहीतरी मोजावं लागतंय.

जखमेला नाव ठेवा

नावं ठेवा असं नाही म्हणत, नाव ठेवा. हे मी फेट कोअरमधून शिकलो (२०१३ चा, एव्हिल हॅटवाल्यांचा) आणि माझ्या मते परिणाम लावायच्या बाबतीत यापेक्षा कामाची गोष्ट कुठल्या गेममध्ये नाही.

तिथे मार बसला की आधी छोटे स्ट्रेसचे चौकोन असतात, ते सीन संपला की पुसले जातात. त्यात मावलं नाही तर कॉन्सिक्वेन्स घ्यायचा. सौम्य घेतला तर २ चा मार शोषला जातो, मध्यम घेतला तर ४, गंभीर घेतला तर ६. आणि कॉन्सिक्वेन्स म्हणजे आकडा नाही, ते शब्दात लिहायचं असतं, शीटवर, सगळ्यांना दिसेल असं. ज्यानं मारलं त्याला ते शब्द तुमच्याविरुद्ध एकदा फुकट वापरता येतात. पुढेही फेट पॉइंट (गरजेला खर्चायची टोकनं) खर्च करून कोणीही वापरू शकतं.

आमच्या टेबलावर सुरुवातीला सगळे इंग्रजीत लिहायचे, ब्रोकन आर्म, ट्विस्टेड अँकल, कारण पुस्तकात तसंच आहे. आणि ते तिथेच मरून पडायचं, कोणी वापरायचंच नाही. मग एकदा एका वहिनींनी, पहिल्यांदाच खेळत होत्या, सरळ मराठीत लिहिलं, ‘उजवा हात गळ्यात’. त्या एका चिठ्ठीवर तो अख्खा सेशन चालला. गळ्यात हात म्हणजे तलवार डाव्या हातात, म्हणजे दोर चढता येत नाही, म्हणजे बाजारात प्रत्येक जण विचारणार काय झालं हो, म्हणजे वेषांतर केलं तरी ओळखू येणार. त्यानंतर ठरवलं की खेळताना कुठलीही भाषा बोला, जखमेचं नाव मात्र आपण घरी जसं बोलू तसं.

नाव चांगलं आहे का बघायला मी दोन गोष्टी तपासतो. एक, हे नाव मारामारी नसलेल्या सीनमध्ये उपयोगी पडेल का? ‘जखमी’ नाही पडत. ‘छातीवर वार’ जेमतेम. ‘हसलं की टाके ताणतात’ पडतं, कारण पुढच्या सीनमध्ये सरदाराच्या जेवणावळीत कोणीतरी विनोद करणारच. दोन, समोरचा ते वापरू शकेल का? ‘मनातून खचलाय’ छान वाटतं ऐकायला पण शत्रूनं त्याचं करायचं काय? त्याऐवजी ‘घोडा खिंकाळला की धडकी भरते’ लिहा, आता शत्रूला फक्त घोडा आणायचाय.

आणि मार फक्त तलवारीचाच असतो असं नाही. फेटमध्ये भांडण, घासाघीस, कोर्टातली उलटतपासणी सगळं याच नियमांनी चालतं, आणि आपल्याला तर शब्दांनी मारायची परंपराच आहे. आमच्या एका गेममध्ये जमिनीच्या वादात भर पंचायतीत एक कॅरेक्टर हरलं, त्यानं मध्यम कॉन्सिक्वेन्स घेतला, ‘गावात तोंड दाखवायला जागा नाही’. त्याच्या आधी एकदा ‘मामांनी बोलणं टाकलंय’ आलं होतं. त्या मामांना परत बोलतं करायला जितका घाम गाळला तितका ड्रॅगनसाठीही नाही गाळला कोणी.

बरं व्हायलाही नियम आहे आणि तो पाळा. आपोआप बरं होत नाही, आधी कोणीतरी उपचाराचा रोल करायचा, सौम्यला +२, मध्यमला +४, गंभीरला +६ एवढी अडचण. जमला की नाव बदलायचं, पुसायचं नाही. ‘उजवा हात गळ्यात’चं झालं ‘हात अजून धरतोय’. मग सौम्य असेल तर पुढचा एक सीन, मध्यम असेल तर एक अख्खा सेशन, गंभीर असेल तर अख्खी गोष्ट संपेपर्यंत ते बदललेलं नाव शीटवर राहतं. डी अँड डी खेळणारेही हे उचलू शकतात, एचपी तसेच ठेवा, फक्त जो शून्यावर जाऊन परत आला त्यानं एका चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे, पुढच्या सेशनच्या शेवटी चिठ्ठी फाडायची. आम्ही तेच करतो आता.

हरायचं कसं

प्लेयरना हरायला आवडत नाही. मरतील पण हरणार नाहीत. फेटमध्ये यासाठी कन्सीड आहे: समोरच्यानं डाइस टाकायच्या आधी तुम्ही म्हणू शकता की मी हरलो. समोरच्याला जे हवं होतं ते मिळतं, पण तुम्ही कसे बाहेर पडलात ते तुम्ही ठरवता, आणि वर एक फेट पॉइंट मिळतो, त्या भांडणात कॉन्सिक्वेन्स घेतले असतील तर प्रत्येकाचा अजून एक. हट्टानं लढत राहिलात आणि बाद झालात तर मात्र तुमचं काय झालं ते समोरचा ठरवणार, मेलास म्हणाला तर मेलात.

हे मी समजवायला गेलो की लोक म्हणायचे म्हणजे शरणागती, नको. मग मी पुरंदरच्या तहाचं उदाहरण द्यायला लागलो आणि एकदम पटायला लागलं. १६६५, मिर्झाराजे जयसिंगाचा वेढा, मुरारबाजी पडलेला, माची-बुरुज चाललेले. महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. गेमच्या भाषेत, समोरच्याचा पुढचा रोल पडायच्या आधी कन्सीड, मुघलांना हवं ते मिळालं, पण काय उरणार ते बोलणीत ठरलं. आणि १६७० मध्ये किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली तेव्हा ते घ्यायला माणसंही होती आणि बारा किल्लेही. (इतिहासवाले, मला माहितीये की खरा तह यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे, टेबलावर दोन मिनिटांत एवढंच बसतं.) आमच्याकडे आता कोणी कन्सीड म्हणतच नाही, "तह करतो" म्हणतात.

हा नियम नसलेल्या गेममध्येही मधेच थांबून विचारायला काय जातं? पार्टी हरतेय असं दिसलं की मी शत्रूच्या तोंडून अटी घालतो. शस्त्र ठेवा आणि चालू पडा. नकाशा द्या आणि जखमी उचला. दहातल्या सात वेळा नकार देतात, पण नकार दिल्यावर जे होतं ते मग त्यांनी निवडलेलं असतं.

एक गोष्ट पटकन, पण महत्त्वाची. कायमचं काही द्यायचं असेल, हात जाणं, डोळा जाणं, मृत्यू, तर त्या प्लेयरला आधी बाजूला किंवा तिथल्या तिथे विचारा की चालेल ना. कोणाच्या घरात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. एक्स कार्ड (X लिहिलेलं साधं कार्ड) टेबलावर ठेवा, कोणी हात लावला की ते वर्णन तिथेच थांबवायचं आणि का ते विचारायचं नाही.

वही

शेवटचं काम सेशन संपल्यावरचं, दहा मिनिटांचं. मी वहीत तीन प्रश्न लिहितो आणि खाली उत्तरं: हे कोणी बघितलं? काय तुटलं किंवा संपलं? आता कोणाचं कोणाकडे देणं आहे? बघितलेल्यांपैकी एकाला पुढच्या सेशनमध्ये बोलायला लावायचं. तुटलेल्यातलं एक दुरुस्त करायला लावायचं. देणं असेल तर ब्लेड्ससारखं घड्याळ काढायचं, गोल, चार किंवा सहा किंवा आठ भाग, आणि प्रत्येक सेशनला एक भाग भरायचा, भरलं की सावकार दारात. बास. यापेक्षा जास्त लिहिलं तर ते वापरलं जात नाही, माझ्याकडे वापरलं न गेलेल्या नोट्सच्या दोन अख्ख्या वह्या आहेत.

तर त्या पुलावरच्या मारामारीचं मी पुढच्या रविवारी काय केलं. एचपी परत घेतले नाहीत, तसं करणं चीटिंग झालं असतं. पण वही काढली. बघितलं कोणी? अकराच गॉब्लिन होते असं कोणी सांगितलं, बारावा पुलाखाली होता आणि त्याच्याकडे शिंग होतं. तुटलं काय? पूल अजून पडला, म्हणजे परतीचा रस्ता खालून, नदीतून. आणि ते झिणझिण्या आणणारे सगळे वार ज्या ढालीनं झेलले तिच्या मधोमध चीर गेलीये, अजून काम करते, आकडे तेच आहेत, पण दिसते.

पॅलाडिन ढाल घेऊन गावातल्या लोहाराकडे गेला. लोहारानं चिरेवरून बोट फिरवलं, एक बारीक धातूचा तुकडा चिमटीनं उपसून काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "ही कुऱ्हाड माझ्याच भट्टीतली आहे." मग भट्टीचा भाता बंद केला आणि दार आतून लावून घेतलं. पॅलाडिनवाल्यानं माझ्याकडे बघितलं, शीटवर बघितलं, आणि म्हणाला थांब, चहा नंतर, आधी हे खेळू.